तंजावरचे दत्तविधान आणि कागदांची कथा

तिरुक्करुगावूर हे नाव मराठी जिभेवर पहिल्या प्रयत्नात बसत नाही. तंजावर आणि कुंभकोणम या दोन्ही गावांपासून साधारण वीस किलोमीटरवर, कावेरीच्या खोऱ्यातल्या भातशेतीत हे गाव आहे. तमिळमध्ये 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणे आणि 'ऊर' म्हणजे गाव. येथील शिवाचे नाव मुल्लैवननाथ, म्हणजे जाईच्या वनातला स्वामी, आणि देवीचे नाव गर्भरक्षांबिका. मूल व्हावे म्हणून येणाऱ्यांना देवीपुढे ठेवलेले तूप प्रसाद म्हणून मिळते. बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून येणाऱ्या गर्भवतींना एरंडेल मिळते. अप्पर आणि संबंधर या दोन थोर शैव संतकवींनी या स्थळाची स्तुती गायिली आहे, त्यामुळे देवस्थान किमान तेराशे वर्षांचे जुने आहे हे निश्चित.

स्थळाची कथा अशी. निध्रुव नावाच्या ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती होती. ऋषी बाहेर गेले असताना ऊर्ध्वपाद नावाचे मुनी भिक्षेसाठी दारी आले. थकून पडलेल्या वेदिकेला उठता आले नाही. मुनींनी शाप दिला आणि गर्भ ढळू लागला. वेदिकेने देवीचा धावा केला, तेव्हा देवीने तो गर्भ एका दिव्य कुंभात ठेवून पूर्ण दिवस होईपर्यंत वाढविला आणि मग बालक आईच्या हाती दिले. त्याचे नाव नैध्रुव. त्याला दूध पाजण्यासाठी कामधेनू आली, म्हणून देवळापुढील तळ्याला क्षीरकुंड म्हणतात. आईच्या उदराबाहेर वाढलेले आणि दुसऱ्याने सांभाळून हाती दिलेले मूल या कथेच्या मध्यभागी आहे. तेथे जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष मात्र तुपाकडे असते. माझेही होते.

काही वर्षांपूर्वी मी सरकारी कामासाठी चेन्नईत असताना अमेरिकेत स्थायिक झालेला माझा पुतण्या आणि सूनबाई सुटीवर आली होती. लग्नाला नऊ वर्षे झाली होती. वहिनींच्या आग्रहावरून मी त्यांना या देवळात घेऊन गेलो. अठ्ठेचाळीस दिवस घ्यावयाचे तूप त्यांनी सामानातून नेले आणि नेमाने घेतले. मूल झाले नाही. मागल्या वर्षी पुतण्याचा फोन आला, "काका, आम्ही भारतातून मूल दत्तक घ्यायचे ठरवले आहे. कागदपत्रांची यादी तुमच्याकडे पाठवतो. तुमचे आयुष्य कागदांतच गेले आहे, तेव्हा तुम्हीच जरा पाहा."

यादी मोठी होती. विवाहाचे आणि जन्माचे दाखले, उत्पन्नाचे आणि कराचे पुरावे, आरोग्याचे प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला, परिचितांची शिफारसपत्रे, अपोस्टिलचे शिक्के, आणि या सर्वांच्या वर गृह-अध्ययन अहवाल. हा अहवाल समाजसेविका घरी येऊन, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलून तयार करते. त्याशिवाय अमेरिकेच्या स्थलांतर खात्याचा आय-८००ए हा अर्ज. आमचे दादा ही यादी ऐकून संतापले. त्यांचे म्हणणे असे की, गावाकडे चुलत भावाला तीन मुले आहेत, धाकटा दोन वर्षांचा आहे, भाऊ आनंदाने ओटीत घालायला तयार आहे. स्टँपपेपरवर दत्तपत्र करावे, चार माणसांपुढे होम करावा आणि मूल विमानात बसवावे. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असेच झाले, त्यात परक्या बाईने घरी येऊन प्रश्न विचारण्याचे काय कारण?

दादांना उत्तर देण्याआधी मी थांबलो, कारण ते म्हणत होते ते अगदीच खोटे नव्हते. आणि मला तंजावर आठवले. परमुलुखात गेलेल्या मराठी माणसांच्या इतिहासातला दत्तकाच्या कागदांचा सर्वांत मोठा खटला त्याच गावात, तिरुक्करुगावूरपासून तासाभराच्या अंतरावर घडला आणि त्यावर एक राज्य अकरा वर्षे टांगलेले होते.

तंजावरची मराठी गादी व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास स्थापन केली, हे वाचकांना ठाऊक आहेच. शंभर वर्षांनंतर त्या गादीवर तुळजाजी होते. त्यांची स्थिती नाजूक होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने कंपनीच्या मदतीने त्यांचे राज्य घेतले आणि १७७६ मध्ये कंपनीनेच ते परत दिले. परत मिळालेले राज्य हे देणाऱ्याच्या मर्जीचे असते. तुळजाजींची मुले त्यांच्या हयातीतच गेली. आजाराने खचलेल्या राजाने २३ जानेवारी १७८७ रोजी भोसले कुळाच्याच एका दुसऱ्या शाखेतील मुलाला दत्तक घेतले. तो मुलगा म्हणजे सरफोजी. आज त्यांची जन्मतिथी २४ सप्टेंबर १७७७ अशी दिली जाते. तीप्रमाणे दत्तविधानाच्या दिवशी त्यांचे वय नऊ वर्षे चार महिने होते. मुलाचे पालकत्व तुळजाजींनी जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ यांना देऊ केले. श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी एकट्याने घेण्यास नकार दिला आणि राजाच्या सावत्र भावाने, अमरसिंगांनी, मुलगा वयात येईपर्यंत कारभार पाहावा असे सुचविले. थोड्याच दिवसांत तुळजाजी वारले.

मग आक्षेप आले. राजाचे चित्त ठिकाणावर नव्हते, हा पहिला. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक आहे, म्हणून शास्त्राप्रमाणे तो देताही येत नाही आणि घेताही येत नाही, हा दुसरा. त्याचे वय दत्तकाच्या मर्यादेबाहेर गेले आहे, हा तिसरा. कंपनीच्या मद्रास सरकारने पंडितांचे मत मागविले, पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले आणि गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांच्या काळात अमरसिंग कारभारी न राहता राजे झाले. त्याच वर्षी त्यांच्याशी नवा तह झाला.

हे तीन आक्षेप मी जरा बारकाईने पाहिले, कारण सरकारी नोकरीत त्रुटी काढणे हा आमचा नित्याचा धर्म आहे. एकुलता एक मुलगा देऊ नये, हे वसिष्ठांच्या नावावरचे जुने वचन. नंद पंडितांच्या 'दत्तकमीमांसे'त त्याची चर्चा आहे. पण वचन आज्ञा म्हणून घ्यावयाचे की उपदेश म्हणून, यावर निबंधकारांचे एकमत कधीच नव्हते. या एका प्रश्नाचा निकाल लागायला १८९९ साल उजाडावे लागले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ठरविले की एकुलत्या एका मुलाचे दत्तकही कायदेशीर होय. सरफोजींच्या दत्तविधानानंतर तोपर्यंत ११२ वर्षे लोटली होती. वयाचा आक्षेपही तसाच. वयाची मर्यादा प्रांताप्रांतात आणि जातीजातीत वेगळी सांगितली जाई. राहिला राजाच्या चित्ताचा प्रश्न. तो तपासण्याचे साधन त्या काळी साक्षीपलीकडे काहीच नव्हते आणि साक्षीदार दरबारातलेच. म्हणजे तिन्ही त्रुटी अशा होत्या की ज्याला त्या मानावयाच्या त्याने मानाव्यात. पंडितांचे मत दडपणाखाली किंवा पैशाने मिळविले गेले असावे, असा संशय पुढे व्यक्तही झाला.

या साऱ्या काळात तो मुलगा कोठे होता? वाड्यात, अमरसिंगांच्या देखरेखीखाली, शिक्षणाशिवाय आणि जवळजवळ कोंडून ठेवलेला. श्वार्ट्झ यांनी तक्रारी केल्या, हस्तक्षेप केला आणि अखेरीस १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने त्यांना शिकविले. श्वार्ट्झ यांनी प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी सरकारदरबारी पाठपुरावा चालू ठेवला. या वेळी बंगाल आणि काशीच्या पंडितांची मते घेण्यात आली. त्यांनी दत्तविधान योग्य ठरविले. कंपनीच्या संचालकांनी ते मान्य केले आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. श्वार्ट्झ हे पाहायला नव्हते, ते त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. अमरसिंगांना नेमणूक देऊन कुंभकोणमजवळच्या मध्यार्जुनम, म्हणजे तिरुविडैमरुदूर, येथे ठेवण्यात आले. दत्तक खरा ठरल्यामुळे राज्य गमावलेला माणूस आपली शेवटची वर्षे त्या देवळाच्या गावात काढीत होता, हे तेथून गाडी जाताना मला नेहमी आठवते.

पहिल्या पंडितांनी तेच कागद पाहून 'नाही' म्हटले आणि दुसऱ्या पंडितांनी 'होय' म्हटले. शास्त्र बदलले नव्हते, मुलगा तोच होता, जन्मदाताही तोच. बदलली होती ती कंपनीची गरज. अमरसिंगांच्या कारभारावर आणि थकलेल्या खंडणीवर कंपनी नाराज होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी अशा ठिकाणी पुढच्या वर्षीचा हिशेब पाहतो. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजींनी कंपनीशी तह केला. राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. दत्तपत्र मान्य करणाऱ्याने त्याची किंमत वसूल केली, असे म्हटले तर श्वार्ट्झ यांच्या प्रामाणिकपणावर अन्याय होतो. त्यांना खरोखरच मुलाची काळजी होती. पण ज्या कचेरीने शिक्का मारला तिला मुलापेक्षा मुलुखाची काळजी अधिक होती, हे त्या तहाच्या कलमांत दिसते.

येथे आपल्या लोकांनाही थोडे दोषी धरले पाहिजे. दत्तकावर सरकारने हात ठेवणे ही काही इंग्रजांची निर्मिती नव्हे. वतनदाराने दत्तक घ्यावयाचा तर हुजुरांची परवानगी घ्यावी आणि नजर भरावी, ही रीत पेशवाईतही होती. वारस नसलेल्याच्या वारसाहक्कावरचा तो करच होता. इंग्रजांनी परवानगी ठेवली आणि नजरेऐवजी वतनच घेतले, इतकाच फरक. १८४८ मध्ये साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब मृत्यूपूर्वी दत्तक घेऊन गेले. डलहौसी यांनी तो नामंजूर करून सातारा खालसा केला. झाशीच्या गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष विधान केले आणि पत्रही दिले, तरी उपयोग झाला नाही. खुद्द तंजावरला दत्तकाचाही प्रश्न आला नाही. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले, मुलगी वारस होऊ शकत नाही असे ठरवून राज्य संपल्याचे जाहीर झाले आणि राजांची खासगी मालमत्ताही सील झाली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टात त्या जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात पाहता येत नाही. खासगी मालमत्ता पुढे १८६२ मध्ये सरकारने राण्यांना परत केली. त्याच वर्षी कॅनिंग यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्यास जमनाबाईसाहेबांच्या मांडीवर बसून सयाजीराव झाला, तो या बदललेल्या धोरणाच्या छायेत. पण या सगळ्या नोंदींत मूल शोधायला गेलो तर ते सापडत नाही. गादी आहे, वतन आहे, पिंडदान आहे. मुलाला काय वाटले, त्याचे काय भले होईल, हा रकानाच नाही.

सरफोजींच्या बाबतीत मात्र मुलाचे उत्तर शिल्लक आहे, असे मला वाटते. गादीवर बसल्यानंतर पाच वर्षांनी, १८०३ च्या डिसेंबरात, त्यांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसले वंशाचा संपूर्ण इतिहास मराठीत कोरवून घेतला. शके १७२५. मजकूर त्यांचे चिटणीस बाबुराय यांनी तयार केला होता. मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी आणि पुढे पिढी दर पिढी ती कथा सरफोजींपर्यंत येते. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. पर्यटकांना तो तंजावरच्या मराठ्यांचा अभिमानाचा लेख म्हणून दाखविला जातो आणि तसा तो आहेही. पण हा लेख वंशातल्या औरस राजांपैकी कोणाला कोरावासा वाटला नाही. ज्याच्या पुत्रत्वावर दोन वेळा पंडित बसले, ज्याला अकरा वर्षे 'तू यांचा मुलगा नव्हेस' असे ऐकावे लागले, त्यानेच तो कोरविला. लेखात तसे कोठेही म्हटलेले नाही, हे माझे अनुमान. वाचकांनी ते तेवढ्याच वजनाने घ्यावे.

आणखी एक कागद. तंजावर-रामेश्वर रस्त्यावर मराठा राजांनी छत्रे, म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्रे, बांधली होती. कारभार कंपनीकडे गेल्यावर या छत्रांच्या जमिनीही जातील अशी धास्ती उत्पन्न झाली. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टोरीन यांना पत्र लिहून छत्रांत काय काय चालते ते सांगितले. प्रवाशांना अन्न, आजाऱ्यांना वैद्य आणि पथ्य, वाटेत दिवस भरलेल्या स्त्रियांची सोय, आणि परक्या मुलुखातून आलेल्या ज्या प्रवाशांचा तेथे मृत्यू होईल त्यांच्या पोरक्या मुलांचा सांभाळ व शिक्षण. छत्रे त्यांच्याआधीपासूनची, त्यामुळे पोरक्या मुलांची व्यवस्था त्यांनी सुरू केली असे म्हणता येणार नाही. पण राज्य सोडून दिलेल्या राजाने एवढी एक गोष्ट माझ्याकडे राहू द्या म्हणून पत्र लिहावे, त्यात त्या मुलांचा तपशील घालावा, हे मला सरस्वती महालातील ग्रंथसंग्रहाइतकेच त्यांच्या नावावर मोठे वाटते.

आता आमच्या दादांकडे वळतो. त्यांच्या म्हणण्याला कायद्यात आधार आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने होमाची सक्ती काढून टाकली, एकुलत्या एका मुलाचा अडथळा ठेवला नाही, मुलींनाही दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि प्रत्यक्ष देणे-घेणे तेवढे आवश्यक मानले. नोंदणी केलेले दत्तपत्र असेल तर दत्तक झाले असे न्यायालय गृहीत धरते. गावात राहणाऱ्यांसाठी हे पुरेसे आहे. पण मूल देशाबाहेर जाणार असेल तर गोष्ट निराळी होते, आणि ती निराळी का झाली हे समजण्यासाठी फार मागे जावे लागत नाही.

हिंदू कायद्याखाली परदेशी दांपत्याला भारतात दत्तक घेता येत नसे. म्हणून १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्वाचा हुकूम घ्यावयाचा, मूल परदेशी न्यावयाचे आणि तेथील कायद्याने दत्तक पूर्ण करावयाचे, अशी वाट पडली होती. मुले गेली. कित्येक चांगल्या घरांत गेली. काहींच्या कागदांत आईची संमती होती ती खरी होती की नाही, मध्ये पैसे कोणी घेतले, हे पाहणारे कोणी नव्हते. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला यासंबंधी पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने आज दादांना छळणारी ही यादी जन्माला घातली. घरी जाऊन पाहणी, परदेशातील मान्य संस्थेमार्फतच अर्ज, मुलाचा स्वतंत्र अहवाल, आणि प्रथम देशातच घर शोधण्याचा प्रयत्न. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था, म्हणजे 'कारा', स्थापन झाली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. आता २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली आणि २०२२ च्या विनियमांप्रमाणे काम चालते, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अनिवासी भारतीयांना देशातील दांपत्यांच्या बरोबरीने रांगेत जागा आहे. वाचकांपैकी अनेक जण देशाबाहेर असल्याने हे मुद्दाम सांगितले.

दादांच्या योजनेत अडचण कोठे होती? चुलत भाऊ आणि त्याची पत्नी दोघेही धडधाकट, कमावती, मुलाला सांभाळायला समर्थ. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे अशा आईबापांचे मूल हेग करारातील दत्तक म्हणून नेता येत नाही. ते सांभाळू शकत नाहीत असे दाखवावे लागते. म्हणजे एक खोटे प्रतिज्ञापत्र. चुलत भावाने तेही केले असते, एवढे प्रेम त्या घरात आहे. मीच म्हटले, करू नये. नातेवाइकांचे मूल १९५६च्या कायद्याने घेतले तरी परदेशी नेण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचे ना-हरकत पत्र लागते. ही वाट २०२१ मध्ये नियमांत आली. त्याआधी कित्येक कुटुंबे दत्तपत्र हातात घेऊन दूतावासाच्या दारात अडकून पडत असत. दादांनी विचारले, "मुलाच्या आईबापांची संमती आहे, मग सरकारचे काय जाते?" चुलत भावाच्या बायकोला आपण विचारले का, असे मी विचारले. कोणी विचारले नव्हते.

आजच्या कायद्यात एक कलम आहे. मूल स्वतःहून सोपविणाऱ्या आईबापांना विचार बदलण्यासाठी साठ दिवस मिळतात, तोवर मूल दत्तकासाठी मोकळे होत नाही. मी ते दादांना वाचून दाखविले. ते गप्प राहिले. नंतर वहिनींनी सांगितले की आमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा असाच दत्तक गेला होता आणि ती दर संक्रांतीला त्या गावाकडच्या रस्त्यावर जाऊन उभी राहत असे. माझ्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ही गोष्ट मी प्रथमच ऐकली.

यंत्रणा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. मी तिच्या बाहेरचा असलो तरी त्याच जातीचा आहे. नोंदणी केलेली दांपत्ये मुलांच्या कितीतरी पट आहेत, रांग वर्षांची आहे, आणि या रांगेत वय वाढते तसे पात्रतेचे गणित बदलते. पतिपत्नींच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या वर गेली की दोन वर्षांखालचे मूल मिळत नाही. पुतण्याच्या फायलीत एका कचेरीने पोलिसांचा दाखला जुना झाला म्हणून परत पाठविला. तो जुना झाला होता तो त्याच कचेरीत पडून. अशा वेळी सेवेतला माणूस म्हणून मला ओशाळवाणे होते. पण सरफोजींच्या त्रुटी आणि या त्रुटी यांत एक अंतर आहे. आज कागद तपासणाऱ्या कोणाच्याही वाट्याला त्या मुलाच्या दत्तकातून वसुलाचा पाचवा हिस्सा येत नाही. आणि मूल गेल्यानंतर दोन वर्षे, पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला, ते कसे आहे हे कोणीतरी घरी जाऊन पाहते. सरफोजी १७८७ ते १७९३ वाड्यात कोंडलेले असताना असा एक अहवाल मद्रासला जात असता तर श्वार्ट्झ यांना इतकी पायपीट करावी लागली नसती.

सत्तरऐंशीच्या दशकांत युरोपात गेलेली मुले आता प्रौढ झाली आहेत. त्यांतली काही परत येतात, पुण्यामुंबईच्या संस्थांच्या दारात उभी राहतात आणि आपली फाईल मागतात. कायद्याने आता मूळ शोधण्याची वाट ठेवली आहे, जन्मदात्रीची गुप्तता राखून. ज्यांच्या फायलीत दोन ओळी आणि एक अंगठा आहे त्यांना तेवढेच मिळते. सूनबाईला गृह-अध्ययनाच्या वेळी विचारले होते की मुलाला दत्तक असल्याचे सांगणार का, आणि केव्हा. ती म्हणाली, कळायला लागण्याआधीपासून. दादांना हे पटलेले नाही. त्यांच्या पिढीत दत्तक हे गावाला ठाऊक असे आणि मुलाला कोणी सांगत नसे.

फाईल पूर्ण होऊन गेली आहे. पुढे काय होईल ते रांग ठरवील. गेल्या महिन्यात तंजावरला जाणे झाले तेव्हा सूनबाईने एकच मागणे केले होते, तिरुक्करुगावूरचे तूप नको, सरफोजींच्या शिलालेखाचे छायाचित्र पाठवा. संध्याकाळी प्राकारात उजेड कमी होता आणि एक शाळेची सहल भिंतीपुढून हलत नव्हती. तीन छायाचित्रे घेतली. त्यांतले एकच अक्षरे वाचता येण्याजोगे आले. तेच पाठविले.